आता पुढे काय? एका नगरकर ख्रिस्ती बाईचं म्हणणं

मंडळी, आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत दहा मिनिटं उभं राहा आणि कान उघडे ठेवा. वीस वर्षांपूर्वी या रांगेत बोलणं चालायचं ते एच-वनचं, ग्रीन कार्डचं, कोणत्या गावातल्या शाळा चांगल्या आणि बेसमेंट फिनिश करायला किती खर्च आला याचं. आता मुलं कॉलेजातून बाहेर पडली, घराचे हप्ते संपत आले, त्या बेसमेंटमध्ये कोणी उतरतही नाही. पोळीवर तूप वाढून घेता घेता माणूस म्हणतो, "सगळं झालं हो. आता पुढे काय?" कोणी पिकलबॉल लावलंय, कोणी ध्यानाच्या शिबिराला जाऊन आलंय, कोणी ऑफिसला जाताना गाडीत 'पर्पज' कसा शोधावा यावरचे पॉडकास्ट ऐकतंय.

गंमत अशी की मुलांच्या टेबलावरही हाच प्रश्न आहे, फक्त इंग्रजीत. ज्या वयात आपण दोन सुटकेसी घेऊन इथे उतरलो, त्या वयात त्यांच्याकडे चांगली नोकरी आहे, अपार्टमेंट आहे आणि रविवारी संध्याकाळी पोटात येणारा गोळाही आहे. आपल्याला वाटतं, यांना काय कमी आहे? त्यांनाही नेमकं तेच वाटतं, आणि म्हणूनच ती आपल्याशी बोलत नाहीत.

या प्रश्नाला माझी श्रद्धा काय म्हणते ते मी इथे लिहिणार आहे. मी ख्रिस्ती. मराठी ख्रिस्ती, नगरची. गावाचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच बसलंय. आमच्या घरात ही चौथी पिढी. मंडळात मला ठरावीक प्रश्न विचारले जातात. "आडनाव तर आपलंच वाटतं?" "मग तुम्ही दिवाळी करता का?" "घरी मराठीच बोलता ना?" तर आडनाव आपलंच आहे. दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांकडून येतो आणि करंज्या-चकल्यांनी त्याची परतफेड आम्ही नाताळात करतो. आणि घरी मराठी बोलतो, ती तुमच्यातल्या काहींच्या घरातल्यापेक्षा बरी असेल. हे वाचून कोणी चर्चमध्ये यावं म्हणून मी लिहीत नाही. पण इतकी वर्षं तुमच्यात राहून, तुमच्या आनंदात आणि दुःखात जेवून, जी गोष्ट मला जगवते तिच्याबद्दल गप्प बसणं मला बरं वाटत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. आपण सगळे, मी धरून, कमावण्यावर वाढलेली माणसं आहोत. आधी मार्क, मग शाबासकी. आधी पहिला नंबर, मग आईच्या डोळ्यांतलं कौतुक. तेच आपण इथे आणलं आणि मुलांना दिलं. आणि आता 'पर्पज' शोधायला निघालो, तर तोही एक परीक्षाच समजून निघालो. ख्रिस्ती श्रद्धा हा क्रम उलटा लावते. आधी तुला स्वीकारलेलं आहे, मार्कशीट न बघता, मग काम. वाक्य म्हणून हे सोपं आहे. एका अत्यंत हुशार मराठी बाईला ते कळायला आठ वर्षं लागली, आणि तिच्या गोष्टीचा मोठा भाग आपल्या याच देशात घडला. म्हणून ती सांगते.

पंडिता रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं असणार. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला संस्कृत शिकवलं आणि त्या आईनं रमाला. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण उपासमारीनं गेली. राहिले भाऊ श्रीनिवास आणि ती. दोघं चालत राहिले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. वय वीस. त्यानंतर भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली आणि १८८२ मध्ये नवराही गेला. चोविसाव्या वर्षी विधवा, कडेवर मूल, डोक्यात हजारो श्लोक. पुण्यात आली, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिलं आणि १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. डॉक्टर व्हायचं होतं, पण कान अधू झाल्यामुळे ते राहिलं.

इंग्लंडमध्ये ती वाँटेज इथल्या सिस्टरांकडे राहत होती. त्यांनी तिला लंडनजवळ फुलहॅमला त्यांचं एक काम दाखवायला नेलं. समाजानं वाट चुकलेल्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांसाठीचं ते घर होतं. तिनं पाहिलं की या बायकांना तिथे मायेनं वागवतात आणि त्या पुन्हा उभ्या राहतात. पुढे तिनं आपल्या साक्षीत लिहिलं आहे, की असं काही करायला हवं असतं हेच तिला तोवर ठाऊक नव्हतं. तिनं विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून सिस्टरनं तिला योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली.

ती गोष्ट तुम्हाला माहीत नसेल तर ऐका, कारण अमेरिकन माणसापेक्षा ती आपल्या माणसाला लवकर कळते. भर दुपार. गावाबाहेरची विहीर. येशू दमून काठावर बसलाय. एक बाई एकटी पाणी भरायला येते. ती शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी विटाळाची. तिच्या भांड्यातलं पाणी कोणी यहुदी पिणार नाही. शिवाय तिचे पाच नवरे होऊन गेलेत आणि आता आहे तो नवरा नाही. येशू तिला उपदेश करत नाही, पैसे देत नाही. तो तिच्याकडे पाणी मागतो.

ज्या महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला आणि लोकांनी तोंडं वाकडी केली, ज्या महाराष्ट्रात १९२७ मध्ये महाडच्या तळ्याचं पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथल्या माणसाला या मागण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ती बाई चकित होते. मग दोघं बोलतात, देवाबद्दल बोलतात, तिच्या आयुष्याबद्दलही. आणि ती घागर तिथेच टाकून गावात धावत जाते, लोकांना बोलवायला. कामाला लागते. पण आधी काय झालं ते बघा. कोणीतरी तिच्या हातचं पाणी मागितलं.

रमाबाईंचा २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला बाप्तिस्मा झाला. आता इथून पुढची वर्षं अशी, की तुम्ही-आम्ही त्यांना यशस्वी म्हणू. चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवलं. सिस्टरांशी आणि चर्चच्या अधिकाऱ्यांशी कडाक्याचे वाद घातले. एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं मानेवरून काढल्यावर दुसऱ्याचं घालून घेणार नाही, असं स्पष्ट कळवलं. (नगरच्या चर्च कमिटीत मी लहानपणी जी भांडणं ऐकली त्यांची ही आद्य परंपरा असावी.) आणि १८८६ च्या सुरुवातीला त्या अमेरिकेला आल्या, फिलाडेल्फियाला, आपल्या नात्यातल्या एका मुलीचा पदवीदान समारंभ बघायला.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या. एकाच सभागृहात दोन मराठी बायका, एक बाप्तिस्मा घेतलेली आणि दुसरी, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं जाहीरपणे सांगून आलेली. मला हे दृश्य फार आवडतं, आणि माझ्या म्हणण्याला ते थोडं अडचणीचंही आहे. कारण आनंदीबाईंना आयुष्याचं प्रयोजन सापडायला बाप्तिस्मा लागला नाही. दहा दिवसांचं मूल गेल्याच्या दुःखातून त्यांना ते सापडलं होतं. ख्रिस्ताशिवाय कोणाला ध्येय सापडत नाही, असं मी म्हटलं तर ते खोटं होईल.

आनंदीबाईंच्याच गोष्टीत दोन ख्रिस्ती माणसं भेटतात, तीही पाहण्यासारखी आहेत. गोपाळरावांनी बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे मदत मागितली, तर ख्रिस्ती व्हा असा सूर आला. गोपाळरावांनी नकार दिला. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात आला. तिनं कोणतीही अट न घालता पत्र लिहिलं. पुढे आनंदीबाई तिच्या घरी उतरल्या, तिला मावशी म्हणू लागल्या. आनंदीबाईंची रक्षा आजही न्यू यॉर्क राज्यात पॉकिप्सीला कार्पेंटर घराण्याच्या जागेत आहे. मिशनरीबुवांनी आधी मार्कशीट मागितली. मावशीनं मागितली नाही. बायबल दोघांचं एकच.

रमाबाई अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं, फिलाडेल्फियात बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं केली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत देण्याचं तिनं कबूल केलं. परत गेल्यावर त्यांनी या देशाचं वर्णन मराठीत लिहून छापलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तारीख बघा, आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षं. आनंदीबाई मात्र तोवर नव्हत्या.

म्हणजे ध्येय होतं, निधी होता, नाव होतं. तरीही रमाबाई स्वतः लिहितात, की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं: मला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, ख्रिस्त मिळालेला नाही. बुद्धीला पटलं होतं. व्रतं, नेम, अभ्यास, सेवा सगळं चालू होतं. पण आत ती जुनीच मुलगी होती, पुराणं पाठ करून पुण्य जमवणारी. आता ती ख्रिस्ती पुण्य जमवत होती. एका इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र तिच्या वाचनात आलं. इतरांना वर्षानुवर्षं उपदेश केल्यावर आपणच कोरडे आहोत हे त्याला उमगलं होतं. ते तिला लागलं. पुढच्या काही वर्षांत ती या निष्कर्षाला आली, की जे मी कमवायला धडपडते आहे ते आधीच फुकट दिलेलं आहे आणि मी फक्त घ्यायचं आहे.

फुकट! आपल्या लोकांना हा शब्द आवडत नाही. फुकट मिळालेल्याची किंमत नसते असं आपण मुलांना शिकवतो. पण तुमचं पहिलं मूल हॉस्पिटलमध्ये तुमच्या हातात दिलं तेव्हा त्यानं काय कमावलं होतं? दोन तासांचं वय. तरी तुम्ही त्याच्यासाठी जीव टाकला असता. मग केव्हातरी, बहुतेक तिसरीच्या गिफ्टेड प्रोग्रॅमच्या परीक्षेच्या सुमारास, ते प्रेम अटींवर आहे अशी त्या मुलाची समजूत झाली. आपण तसं म्हटलं नाही. पण त्यानं ऐकलं. रविवारच्या संध्याकाळचा तो पोटातला गोळा तिथून येतो असं माझं मत आहे, आणि कामाचं नाव बदलून तो जात नाही. नोकरी सोडून एन-जी-ओत गेलं तरी तोच गोळा.

रमाबाईंचं काम या बदलानंतर लहान झालं नाही, अफाट झालं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. ज्या वयात स्वतः भुकेनं रानोमाळ फिरल्या होत्या त्याच वयाच्या मुली त्यांनी उचलून आणल्या. अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षं संपतील म्हणून पुण्यापासून काही अंतरावर केडगावला आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तिथे मुक्तिसदन झालं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, घाणा, दूध-दुभतं, छापखाना, सगळं मुली चालवत. फुलहॅमला पाहिलं होतं तसंच टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन झालं. आधीच्या शारदा सदनात मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवा होत्या. मुक्तीत जात विचारली जाईनाशी झाली. दुष्काळातून उचललेल्या पोरीला काय विचारणार?

इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. १८९३ मध्ये पुण्यात मोठं वादळ झालं. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलेलं होतं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. 'केसरी'नं झोड उठवली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या खोलीचं दार मी का लावू? माझं मत विचाराल, तर दार उघडं ठेवायचा त्यांना हक्क होता. पण ज्या मुलीला जगात दुसरं छप्पर नाही तिच्या बाबतीत उघडं दार आणि ओढ यांत अंतर थोडंच उरतं, आणि रानड्यांना ते दिसलं. त्याच शाळेतल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई हिंदूच राहिल्या, १८९३ मध्येच त्यांचं धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, आणि पुढे कर्व्यांनी विधवांसाठी जे उभं केलं ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेव्हा रमाबाईंच्या कामाची फळं मोजताना बाप्तिस्मे मोजू नका, असं मी आमच्या चर्चमध्येही सांगते. तिथे ते सर्वांना रुचत नाही.

आणि मंडळात ज्या शंका हळू आवाजात बोलल्या जातात त्याही मला ठाऊक आहेत. पोटासाठी बाटले, दुष्काळात धान्यासाठी बाटले. आम्हा नगरच्या लोकांना हे पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलंय. अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून नगरला. तिथे ख्रिस्ती झालेल्यांत बहुसंख्य महार आणि मांग. रमाबाई आणि कवी नारायण वामन टिळक यांची नावं आम्हीही मिरवतो, कारण ते ब्राह्मण होते, विद्वान होते, त्यांच्यावर पोटाचा आळ घेता येत नाही. माझ्या पणजोबांवर घेता येतो. त्यांच्या गावात त्यांना विहिरीवर चढायची मुभा नव्हती. कोणी दया केली तर वरून ओंजळीत पाणी ओतायचं. मग एका माणसानं त्यांना आपल्या ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि त्यांच्या घरचं प्यायला. पणजोबांना धर्मशास्त्र किती कळलं होतं देव जाणे, पण शोमरोनी बाईला कळलं तेवढं नक्की कळलं. त्याला कोणी पोटासाठी म्हणत असेल तर म्हणू दे. तहान पोटातच लागते. चर्चमध्ये येऊन जात गेली का? नाही. लग्नं जुळवताना आमच्यातही विचारतात. ते आमचं पाप, आणि ते येशूच्या खात्यावर घालता येणार नाही.

पाण्याचाच विषय निघाला तर लक्ष्मीबाई टिळकांना विसरून कसं चालेल! टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या हादरल्या. पाच वर्षं त्यांनी तो धर्म स्वीकारला नाही. नवऱ्याजवळ राहायला आल्यावरही सोवळं संभाळून, चूल वेगळी ठेवून. कोणी त्यांना ढकललं नाही. ढकलता आलंही नसतं, बाईंचा स्वभावच तसा. जात माणसानं केली की देवानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला घातला, स्वतःच उत्तर काढलं, आणि आधी विटाळ सोडला, मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' तुमच्या कपाटात असेल तर तो भाग पुन्हा काढून वाचा. श्रद्धेबद्दल इतकं न हंबरता लिहिलेलं मराठीत फार थोडं आहे. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, तेही त्यांनीच पुरं केलं.

आता तुम्ही म्हणाल, या मोठ्या माणसांच्या गोष्टी झाल्या, आमच्यासारख्यांचं काय? तर माझंच सांगते. मी फार्मसीतून निवृत्त झाले. दर गुरुवारी दुपारी इथल्या एका नर्सिंग होममध्ये जाते. तिथे एक मराठी आजी आहेत. स्मृती गेली आणि तिच्याबरोबर चाळीस वर्षांचं इंग्रजीही गेलं; फक्त लहानपणची मराठी उरली. तिथल्या बायका प्रेमळ आहेत, पण आजींना तहान लागली हे त्यांना कळत नसे. मी केस विंचरते, पाणी पाजते. दर वेळी आजी मला नव्यानं विचारतात, "कुणाची गं तू?" आपल्याकडे लहान मुलाला नाव विचारायच्या आधी असंच विचारतात, कुणाचा रे तू? इथे पार्टीत पहिला प्रश्न असतो, तुम्ही काय करता? मला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निवृत्तीच्या दिवशी देता येईनासं झालं. पहिल्याचं येतं. मी देवाची आहे हे मला माहीत आहे, आणि ते गुरुवारी गेले नाही म्हणून बदलत नाही. म्हणून मी जाऊ शकते. आजी मला ओळखत नाहीत, आभार मानत नाहीत, कधी कधी चिमटा काढतात. समाधान मिळतं का? काही गुरुवारी मिळतं. काही गुरुवारी घरी येऊन नुसती पाठ दुखते.

दुसऱ्या पिढीतल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण तुमचे आई-वडील ती सांगणार नाहीत. रमाबाईंनी निवड केली, पण मनोरमाला ती मिळाली, तुम्हाला अमेरिका मिळाली तशी. दोन वर्षांची असताना आईबरोबर बोटीत बसली. तिचं बालपण दोन खंडांत आणि तिच्यावर हक्क सांगणाऱ्या मोठ्या माणसांच्या वादांत गेलं. सतरा-अठराव्या वर्षी ती न्यू यॉर्क राज्यात, रॉचेस्टरजवळच्या नॉर्थ चिली गावी चेस्ब्रो सेमिनरीत शिकायला आली. बर्फ, परकी भाषा, आणि आई इतकी प्रसिद्ध की तिच्यापुढे कोणी दिसू नये. ती परत गेली. मुंबई विद्यापीठाची बी. ए. झाली. मुक्तीत शाळा सांभाळली, अंध मुलींच्या शिक्षणात लक्ष घातलं आणि १९१२ मध्ये निजामाच्या राज्यात गुलबर्ग्याला मुलींची शाळा काढली. गुलबर्गा तिच्या आईच्या योजनेत होतं का, यापेक्षा ते तिनं केलं हे मला महत्त्वाचं वाटतं. आईचं प्रयोजन वारशानं घेता येत नाही. आई-वडिलांनो, हे तुमच्यासाठीही आहे. आपण मुलांना मराठी देऊ शकतो, गणपती किंवा चर्च देऊ शकतो, पण त्यांना येणारी हाक त्यांच्याच नावानं येणार.

मनोरमा १९२१ मध्ये चाळिसाव्या वर्षी गेली. सगळं काम तिच्याकडे सोपवायचं होतं. श्रद्धेनं आयुष्य सुखाचं होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वर्ष बघावं. रमाबाई तेव्हा बायबलच्या भाषांतराच्या शेवटाशी आल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या खेडवळ बाईला वाचता यावं म्हणून वर्षानुवर्षं चाललेलं काम. संस्कृत कोळून प्यायलेल्या या पंडितेनं त्यातून संस्कृत शब्द वेचून वेचून काढले. खरं सांगायचं तर भाषा खडबडीत झाली, आणि आज आम्ही चर्चमध्ये दुसरंच भाषांतर वाचतो. पण मुलगी गेल्यावरही त्यांनी मुद्रितं तपासायचं थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ग्रंथ मुक्तीच्या छापखान्यात, मुलींनी जुळवलेल्या खिळ्यांनी, १९२४ मध्ये छापून पुरा झाला.

मुक्ती मिशन अजून चालू आहे. पुढच्या भारतवारीत मॉल आणि महाबळेश्वर यांच्या मध्ये एक दिवस काढता आला तर मुलांना घेऊन जा. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. टॅक्सीवाल्याला दौंड तालुक्यातलं केडगाव म्हणून सांगा, नाहीतर तो तुम्हाला आमच्या नगरच्या केडगावला नेऊन सोडेल. आणि जाण्याआधी फोन करून विचारा, कारण तिथे आजही मुली आणि बायका राहतात, ते काही बघायचं ठिकाण नाही.